कैसराचे नाणे आणि खराडीचा टँकर

उन्हाळ्यातल्या एका रविवारी सकाळचा मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत होतो, तोच धर्मग्रामातील चार-पाच सद्गृहस्थ एक छापील कागद घेऊन आत आले. कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘पाणी नाही, तर कर नाही.’ खाली मजकूर असा, की खराडीतील आमच्या गृहसंस्थांना महानगरपालिकेचे पाणी पुरेसे मिळत नाही, दरमहा टँकरवर पैसा ओतावा लागतो, रस्त्यावरचे खड्डे तसेच आहेत. सबब धर्मग्रामातील सर्व कुटुंबांनी यंदाचा मिळकतकर भरू नये. तळाशी चौदा सह्या होत्या. आमच्याकडून अपेक्षा एवढीच, की पुढील रविवारी अंतिम आशीर्वादापूर्वी धर्मग्रामाच्या सूचना वाचल्या जातात, त्यांतच हा कागदही वाचून दाखवावा.

आम्ही तो वाचला नाही. त्यावरून कुजबुज झाली. ‘फादरांना कुठे घरपट्टी भरावी लागते, त्यांना काय कळणार?’ असेही कोणी म्हणाले. हे शेवटचे वाक्य बव्हंशी खरे असल्यामुळे आम्हाला लागले, आणि लागले म्हणूनच हा लेखनप्रपंच.

तक्रार खोटी आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. भामा आसखेडचे पाणी पूर्व पुण्याला देणाऱ्या योजनेचे उद्घाटन १ जानेवारी २०२१ रोजी झाले, तेव्हा आता टँकर इतिहासजमा होणार अशी आम्हीही आशा धरली होती. आज पाच वर्षांनंतरही पहाटेच्या प्रार्थनेला आम्हाला जाग येते ती कोंबड्याने नव्हे, मागे येणाऱ्या टँकरच्या पिपाणीने. तेव्हा पाण्याच्या दुःखाबद्दल आमचा वाद नाही. वाद आहे तो औषधाबद्दल.

त्या शिष्टमंडळात अमेरिकेत दहा-बारा वर्षे राहून आलेले एक गृहस्थ होते. आमचा नकार ऐकून ते म्हणाले, “फादर, अमेरिकेतली माणसे अशी गप्प बसत नाहीत. तो देशच मुळी कर नाकारण्यातून जन्माला आला.” हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. गप्प न बसता अमेरिकेतली माणसे नेमके काय करतात हे पाहावे, म्हणून आम्ही काही दिवस वाचनात घालवले. जे हाती लागले त्याने आमची बरीच करमणूक झाली, आणि शेवटी थोडी खोडही मोडली.

ज्या घटनेचा अमेरिकन माणसाला एवढा अभिमान, ती घडली १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनच्या बंदरात. काही नागरिकांनी मोहॉक आदिवासींची सोंगे घेतली, जहाजांवर चढले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या खाडीत रिकाम्या केल्या. वाचकांना वाटेल की चहा महाग झाला असावा. प्रत्यक्षात तो स्वस्त झाला होता! त्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीला आपला माल परस्पर वसाहतींत विकण्याची मुभा दिली. त्यामुळे कर धरूनही कंपनीचा चहा चोरट्या आयातीच्या चहापेक्षा कमी भावात पडू लागला, आणि चोरटा माल आणणाऱ्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यांच्या पोटावर पाय आला. स्वस्ताई झाली म्हणून दंगा करणारे गिऱ्हाईक आमच्या लक्ष्मी रस्त्यावर तरी कोणी पाहिले नसेल. मात्र त्या मंडळींचा एक मुद्दा अस्सल होता : ज्या पार्लमेंटात आमचा एकही प्रतिनिधी नाही, तिने आमच्यावर कर बसवू नये. हा मुद्दा वाचकांनी गाठीशी बांधून ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

(जाता जाता एक गोष्ट. त्याच १७७३ सालच्या ऑगस्टमध्ये पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. घरातल्या भांडणांत पुणे असे गुंतलेले असताना ज्या कंपनीचा चहा बोस्टनकर बुडवीत होते, तीच कंपनी पुढे १ जानेवारी १८१८ रोजी आमच्याच ह्या नगर रस्त्याच्या वाटेवर, कोरेगाव भीमा येथे, पेशव्यांच्या फौजेसमोर उभी ठाकली; आणि त्याच वर्षी पेशवाई संपली. तिकडे बुडालेला चहा इकडे वसूल झाला म्हणायचा.)

पुढे दोनशे छत्तीस वर्षांनी, १५ एप्रिल २००९ रोजी, म्हणजे तेथील प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याच्या अखेरच्या दिवशी, अमेरिकेतल्या शेकडो गावांत लोक पुन्हा चहाचे नाव घेऊन रस्त्यावर आले. कित्येकांनी टोप्यांच्या कडांना चहाच्या पुड्या दोऱ्यांनी टांगल्या होत्या. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळावे तसे त्यांनी स्वतःच्याच डोक्याला चहाचे सूत गुंडाळले. राजधानी वॉशिंग्टनमध्ये तर दहा लाख पुड्यांनी भरलेली गाडी राष्ट्राध्यक्षांच्या निवासासमोरील बागेत आणली गेली. पुड्या उतरल्या, आणि मग कळले की त्या तिथे ओतायला परवाना नाही. सरकारी जाचाविरुद्ध निघालेली क्रांती परवान्याअभावी पुड्या पुन्हा गाडीत भरती झाली. ही हकीकत वाचून अमेरिका आणि आपले कोणतेही प्रभाग कार्यालय ह्यांतील अंतर एकदम कमी झाल्यासारखे वाटले.

त्यातली खरी गंमत निराळीच आहे. दोनच महिन्यांपूर्वी तेथील सरकारने बहुसंख्य नोकरदार कुटुंबांचा कर कमी केला होता. म्हणजे १७७३ मध्ये चहा स्वस्त झाल्यावर दंगा, २००९ मध्ये कर घटल्यावर मोर्चा! त्याच वर्षी साउथ कॅरोलायनामधील एका सभेत एका वृद्ध नागरिकाने आपल्या लोकप्रतिनिधीला दरडावले, की सरकारने माझ्या ‘मेडिकेअर’ला हात लावता कामा नये. आता मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या औषधोपचाराची सरकारचीच योजना, सरकारी पैशांवर चालणारी. जेवणाच्या पंक्तीत बसून आचाऱ्याला हाकलून द्या म्हणण्यातला हा प्रकार.

परंतु आम्ही सर्वांत जास्त हसलो ते हार्डनबर्ग ह्या गावाची गोष्ट वाचून. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत हे छोटेसे गाव आहे. तेथील बरीचशी जमीन धार्मिक व धर्मादाय संस्थांच्या हाती गेली होती आणि तिला मिळकतकराची माफी होती. साहजिकच उरलेल्या रहिवाशांच्या वाट्याचा बोजा वाढला. १९७६ साली गावकऱ्यांनी नामी युक्ती काढली. कॅलिफोर्नियातील युनिव्हर्सल लाइफ चर्च नावाची संस्था मागेल त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा देत असे; तीही टपालाने. गावातील बहुतेक सर्व मालमत्ताधारकांनी ती दीक्षा घेतली, आपापली घरे देवाची ठरवली आणि करमाफी मागितली. शेतकरी, सुतार, दुकानदार, सारा गाव आचार्य! ही युक्ती पुढे फार काळ टिकली नाही, पण कल्पना तर पाहा. आम्हाला नगर रस्त्यावरच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान घोकण्यात तारुण्याची वर्षे घालवावी लागली. ह्यांना पोस्टमनच्या हातून गुरुदीक्षा. खराडीत हा मार्ग खुला झाला तर चारशे सदनिकांच्या एकेका संकुलात चारशे धर्मगुरू निपजतील. मग मिस्साला भाविक म्हणून बसायचे कोणी, वर्गणी द्यायची कोणी आणि टँकरवाल्याशी भांडायचे कोणी, हा प्रश्न उरेलच.

इथवर हसून झाले. हसता हसता ध्यानात आले, की हार्डनबर्गच्या गावकऱ्यांनी जो आरसा धरला आहे त्यात आमचाच चेहरा दिसतो आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या १३२ व्या कलमानुसार केवळ सार्वजनिक उपासनेसाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीला सर्वसाधारण करातून सूट आहे. मंदिर, मशीद, चर्च सर्वांना सारखीच. कायदा आहे आणि आम्ही त्याचा लाभ घेतो, यात लपवण्यासारखे काही नाही. पण आमच्या फाटकापाशी जो दिवा जळतो, आगीच्या वेळी जो बंब धावून येईल, त्यांच्या खर्चातला आमचा वाटा शेजारीपाजारी उचलतात; त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, कशावरच श्रद्धा नसणारेही आहेत. त्या शेजाऱ्यांच्या पैशांनी उजळलेल्या वेदीवर उभे राहून ‘कर भरू नका’ असे आम्ही पुकारावे, अशी त्या कागदाची आमच्याकडून अपेक्षा होती.

याहून अवघड गोष्ट सांगायची राहिली आहे. आपल्या समाजाने अलीकडेच अमेरिकनांना शोभेल असा एक करलढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता, याची आमच्या कितीशा वाचकांना माहिती आहे? अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या धर्मभगिनी व धर्मगुरू यांच्या पगारातून कर कापावा की नाही, हा तो वाद. ब्रिटिश अमदानीत, १९४४ साली निघालेल्या एका परिपत्रकाने मिशनऱ्यांच्या अशा उत्पन्नाला माफी मिळाली होती. पुढे आयकर खात्याने पगारातून कर कापावयास सांगितले, तेव्हा मुख्यतः तामिळनाडू व केरळमधील संस्था न्यायालयात गेल्या. त्यांचे म्हणणे असे, की व्रतस्थ व्यक्तीने दारिद्र्याचे व्रत घेतलेले असते. ती ऐहिक व्यवहाराला जणू मृत झालेली असते. तिचा पगार तिचा नसून संघाचा असतो. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्र्याण्णव अपिले फेटाळून लावली. पगार ज्याच्या नावाने निघतो त्याच्यावर कर लागतो, त्याने तो पुढे कोणाला दिला हा प्रश्न वेगळा, एवढा साधा त्या निकालाचा अर्थ.

खरे सांगायचे तर तो निकाल आला त्या दिवशी आम्हीही हळहळलो. धर्मभगिनींच्या त्या पगारातून अनाथाश्रम चालतात, म्हाताऱ्या सिस्टरांची औषधे येतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु हळहळ ओसरल्यावर मनात प्रश्न आला : जी व्यक्ती हजेरीपटावर जिवंत आहे, पगारपत्रकावर जिवंत आहे, मतदारयादीत जिवंत आहे, ती फक्त कर कापायच्या घटकेला मृत कशी? हा युक्तिवाद हार्डनबर्गच्या सुताराने केला असता तर आम्ही पोट धरधरून हसलो असतो. सुताराचे सोंग होते आणि सिस्टरचे व्रत खरे आहे, एवढा फरक आम्ही मानतो. पण व्रत खरे असेल तर त्याची किंमत व्रतस्थाने द्यावी. शासनाच्या तिजोरीने का द्यावी? (आम्ही धर्मप्रांतीय गुरू असल्यामुळे दारिद्र्याचे व्रत आमच्यावर नाही. काही वाचक आमच्या मोटारसायकलीकडे बोट दाखवतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो.)

आपला मराठी बायबल वाचणाऱ्याला कराचा विषय परका नाही. जकातदार हा शब्द आमच्या पिढीने शुभवर्तमानात आधी वाचला आणि मग नगर रस्त्यावर जकात नाक्यापाशी ट्रकांची रांग पाहिली. लहानपणी आम्हाला संत मत्तय त्याच खोपट्यात पावत्या फाडीत बसलेला दिसे. प्रभू येशूने त्याला नाक्यावरून उठवले खरे, पण नाका मोडून टाका असे तो कुठे म्हणाला नाही. जक्कयाच्या घरी तो जेवला. जक्कयाने ज्यांना नाडले होते त्यांना चौपट परत करण्याचा शब्द दिला. म्हणजे गुन्हा करात नव्हता, लबाडीत होता. कैसराच्या नाण्याचा प्रसंग तर सर्वांना पाठ. तो कैसर निवडून आलेला नव्हता, यहुदी प्रजेचा प्रतिनिधी रोमच्या दरबारात बसत नव्हता, तरीही प्रभूने कर नाकारायला सांगितले नाही. मंदिराच्या कराचे जेव्हा आले, तेव्हा आपण मुलगे आहोत, आपल्याला तो लागू नाही असे आधी सांगून मग कोणाला अडखळण होऊ नये म्हणून त्याने पेत्राला माशाच्या तोंडातले नाणे आणायला पाठवले. माफीचा हक्क असतानाही ज्याने भरला, त्याच्या नावाने चालणाऱ्या समाजाने एवढे तरी आठवणीत ठेवावे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगाविषयी जो दस्तऐवज काढला, त्यात न्याय्य कर चुकवणाऱ्यांवर स्पष्ट ठपका आहे. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने कर भरणे आणि मत देणे ही दोन्ही एकाच ओळीत नैतिक कर्तव्ये म्हणून सांगितली आहेत. दोन्ही एकाच ओळीत, हे महत्त्वाचे.

आता आपल्या पुण्याकडे वळू. अमेरिकनांना हसणाऱ्या पुणेकराचा स्वतःचा इतिहास काय सांगतो? जकातीच्या नावाने आमच्या व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे बोटे मोडली. जकात जावी म्हणून निवेदने दिली. १ एप्रिल २०१३ रोजी ती पुण्यातून गेली आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. लगेच त्या कराविरुद्ध दुकाने बंद! एप्रिल-मे महिन्यांत ऐन लग्नसराईत पुण्याच्या बाजारपेठा कुलुपात होत्या; पहिल्या ख्रिस्तशरीर संस्काराच्या मुलींसाठी पांढरे कापड मिळवताना आमच्या धर्मग्रामातील आयांची जी धावपळ झाली ती आम्हाला आठवते. ऑगस्ट २०१५ मध्ये पन्नास कोटींपर्यंतच्या उलाढालीला त्या करातून मुक्ती मिळाली आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. त्याच्या नावानेही बोटे मोडणे चालू आहे.

मिळकतकराच्या चाळीस टक्के सवलतीची कथा याहून रसाळ. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला पुण्यात १९७० पासून ही सवलत होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, २०१८ मध्ये शासनाने ती रद्द केली, आणि २०२३ मध्ये लोकक्षोभामुळे पुन्हा दिली. मात्र ज्यांची सवलत गेली होती त्यांनी पीटी–३ नावाचा अर्ज भरून आपण आपल्याच घरात राहतो हे सिद्ध करायचे होते. मतदार ओळखपत्र, गॅसचे कार्ड, संस्थेचे पत्र अशी पुराव्यांची चळत घेऊन माणसे रांगांत उभी राहिली. त्या काळात आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या दाखल्यांपेक्षा ‘हा गृहस्थ येथेच राहतो’ असे लिहून मागणारे जास्त आले. थकबाकीदाराच्या दारात महानगरपालिका बँड वाजवते. थकलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती चढवते. आणि मग काही वर्षांनी त्याच शास्तीत घसघशीत सूट देणारी ‘अभय योजना’ जाहीर करते. मरियेला देवदूताने अभय दिले ते तिच्या निष्ठेसाठी; आमच्या शहरात ते मिळते न भरल्याबद्दल. वेळेवर भरणाऱ्या मास्तराला मात्र मूर्ख ठरून घरी जावे लागते. कराविरुद्ध मोर्चा काढायचाच असेल तर तो ह्या मास्तरांनी काढावा.

सगळ्याच तक्रारी हसण्यावारी नेऊ नयेत. २०१७ साली शहरात आलेल्या गावांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांनी वाढीव कराविरुद्ध आवाज उठवला. २०२२ च्या डिसेंबरात ती वगळण्याची घोषणा झाली आणि २०२४ साली त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. त्यांना आम्ही हसणार नाही. बोस्टनकरांनी चहा खाडीत टाकला, पुण्याने आपला कचरा अनेक दशके ह्या गावांच्या शिवारात टाकला. ज्यांच्या विहिरींना शहराचा वास लागला त्यांनी शहराचा कर नाकारला तर त्याला निदान एक आधार आहे. आमची खराडी १९९७ साली महानगरपालिकेत आली. आम्हाला कचरा सोसावा लागला नाही. शेतीच्या एकराला जो भाव आला त्याने येथे काय घडले हे आजूबाजूचे मनोरे पाहून कोणालाही कळते. तेव्हा फुरसुंगीची तुतारी आपण फुंकू नये.

आणि आता गाठीशी बांधून ठेवलेला मुद्दा सोडू. पुणे महानगरपालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे शहरावर प्रशासकाचा अंमल होता. त्या चार वर्षांत अंदाजपत्रके झाली, कर आकारले गेले, बँड वाजले, आणि तुमचा-आमचा एकही निवडलेला प्रतिनिधी तेथे बसलेला नव्हता. बोस्टनकरांची जी एकमेव अस्सल तक्रार, ती जशीच्या तशी पुण्याला लागू होती! त्याबद्दल खराडीत कोणी चहाचा एक कप तरी ओतला काय? आमच्या सॅक्रिस्टीत कोणी कागद घेऊन आले काय? सवलत गेली तेव्हा सभा झाल्या. मताचा हक्क चार वर्षे गहाळ होता तेव्हा आम्ही निवांत होतो. ज्या दिवशी मतदान झाले तो गुरुवार, आदल्या दिवशी संक्रांत. त्या शिष्टमंडळातील मंडळींना आम्ही विचारले, मत कोणी कोणी दिले? पाचांपैकी दोघांनी. एक जण लोणावळ्याला होते, एकांचे नाव यादीत नव्हते, आणि अमेरिकेहून आलेले गृहस्थ म्हणाले, “फादर, एका मताने काय होते?”

पुण्याला ह्या बाबतीत उसने शहाणपण अमेरिकेहून मागवण्याची गरज नव्हती. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे ह्याच नगरपालिकेचे सदस्य होते. लॉर्ड लिटनच्या स्वागतावर नगरपालिकेचा पैसा उधळण्याचा ठराव आला, तेव्हा त्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा असे त्यांचे म्हणणे. १८८२ साली हंटर आयोगापुढेही त्यांचा प्रश्न हाच होता, की शेतकऱ्याच्या घामातून जमलेला महसूल कोणाच्या मुलांच्या शिक्षणावर जातो? कर का घेता, असे त्यांनी विचारले नाही. घेतलेला कोणावर खर्चता, असे विचारले. पहिला प्रश्न विचारायला खिसा पुरतो. दुसऱ्यासाठी हिशेब वाचावा लागतो.

म्हणून आम्ही त्या मंडळींना म्हणालो, जरा बिल तर काढा. मिळकतकराचे बिल हातात पडताच आपण खालचा आकडा पाहतो आणि घडी घालतो. ते वरून खाली वाचावे : सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्ष, पाणी, जलनिस्सारण, रस्ता, आणि शासनासाठी वसूल होणारा शिक्षण उपकर. दुकान किंवा कचेरी असेल तर आणखी एक ओळ येते, रोजगार हमी उपकर. ह्या ओळीवर आमची नजर थबकली. त्यावर आम्हाला थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण आमच्या धर्मग्रामातील निम्म्याहून अधिक घरे नगर जिल्ह्यातून, आजच्या अहिल्यानगरातून, ह्याच रस्त्याने पुण्याला आलेली आहेत.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते आता थोडेच उरले. बैल विकले गेले, विहिरींनी तळ गाठला, आणि बाया-बापे रस्त्याच्या अन् तलावाच्या कामांवर खडी फोडायला गेले. त्या कामांतूनच राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली. ती चालवायला पैसा कोठून आला? १९७५ पासून शहरातल्या पगारदारांच्या व धंदेवाल्यांच्या खिशातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, मिळकतींवर उपकर बसला. मुंबई-पुण्याच्या कारकुनाने कुरकुरत का होईना तो भरला. त्याने कधी न पाहिलेल्या पारनेर, पाथर्डी, शेवगावच्या माणसाच्या हाती त्यातून आठवड्याचा पगार पडला. आमच्या आईच्या तळव्यांवरचे खडीचे घट्टे ती वारेपर्यंत गेले नव्हते. आम्ही सेमिनरीत गेलो तो ट्रंक त्या कामाच्या पैशांतून घेतलेला.

आणि त्याआधीची आठवण. मिशनच्या आवारात गहू, दूधपूड आणि तेल वाटले जाई. त्या पोत्यांवर आणि डब्यांवर दोन हात एकमेकांत गुंफल्याचे चित्र असे, आणि ही अमेरिकेच्या जनतेची भेट आहे असे लिहिलेले असे. आपल्यापैकी कित्येकांच्या आजीने त्या रिकाम्या पोत्यांची गोधडी शिवली, तेलाच्या डब्यात पीठ ठेवले. ती ‘जनतेची भेट’ म्हणजे तरी काय? ओहायो-कान्ससमधल्या कोणा कुरकुऱ्या माणसाने एप्रिल महिन्यात कपाळाला हात लावून भरलेला कर. तो टोपीला चहाच्या पुड्या टांगणारा विदूषक, किंवा निदान त्याचा बाप, आमच्या पंगतीचा यजमान निघाला! त्याला हसण्याचा आमचा हक्क तेवढा उणा झाला, आणि त्याचा आदर्श पुढे करून खराडीत कर बुडवण्याचा हक्क तर राहिलाच नाही.

आमच्या गावात दुसराही एक करदाता आहे. त्याचे नाव कोणत्याच बिलावर नसते. थिटे वस्तीतून रोज सकाळी आपल्या सदनिकांत भांडी घासायला येणारी बाई. तिच्या साबणाच्या वडीवर सप्टेंबर २०२५ पर्यंत शंभरामागे अठरा रुपये कर होता, आता पाच आहे. ती तो भरते, तिला पावती मिळत नाही, सवलतीचा अर्ज मिळत नाही. तिच्या वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर एऑन फ्री झोन आहे. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी २००५ साली जो कायदा झाला, त्याने अशा ठिकाणच्या कंपन्यांच्या निर्यात नफ्याला पहिली पाच वर्षे पूर्ण आणि पुढील पाच वर्षे निम्मी करमाफी दिली. तेथे आपल्यातलीच मुले-मुली नोकरी करतात, आणि त्या नोकऱ्यांनी आपली घरे उभी राहिली, हे आम्ही नाकारत नाही. पण साबणाच्या वडीला सुटी नाही आणि नफ्याला पाच वर्षांची सुटी, ह्यावर सह्यांचा कागद निघत नाही. निघाला तर आम्ही तो वेदीवरून दोनदा वाचू.

तो मूळ कागद आम्ही ठेवून घेतला आणि पुढच्या आठवड्यात दुरुस्त करून परत दिला. ‘कर नाही’ ही ओळ खोडली. तिच्या जागी लिहिले : कर भरतो, आक्षेप नोंदवून भरतो, सोबत गेल्या बारा महिन्यांच्या टँकरच्या पावत्यांच्या प्रती जोडतो, आमच्या भागाला रोज किती तास पाणी सोडले जाते ह्याची नोंद मागतो, आणि जानेवारीत निवडून आलेल्या आमच्या नगरसेवकांनी येऊन ह्याचे उत्तर द्यावे. नागरिकांनी आपल्या प्रभागातील कामे सुचवावीत म्हणून महानगरपालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी अर्ज मागवते. ते अर्जही यंदा भरायचे, असे खाली जोडले. चौदांपैकी सहा जणांनी सह्या केल्या. बाकीच्यांचे म्हणणे पडले, की हे फार कटकटीचे आहे. अमेरिकेहून आलेल्या गृहस्थांनी मात्र सही केली, आणि बाराही महिन्यांच्या पावत्या तारीखवार लावून आणून दिल्या. इतक्या व्यवस्थित, की आम्हाला त्यांच्याविषयी वर लिहिलेले दोन शब्द मागे घ्यावेसे वाटले. पण मजकूर तोवर संपादकांकडे गेला होता.

नवा कागद आम्ही पहिल्या ख्रिस्तशरीराच्या वर्गाची सूचना आणि रक्तदान शिबिर यांच्या मध्ये वाचला. नगरसेवकांनी भेटीची वेळ कळवली आहे : रविवार, सकाळी साडेआठ. नेमकी मराठी मिस्साची. ती बदलून घेण्याची खटपट चालू आहे.